सर्वपित्रीचं उद्घाटन

कॉम्प्युटर पुन्हा एकदा कुरकुरला, थांबला, आणि काळ्या पडद्यावर तीच हिरवी इंग्रजी ओळ उमटली. फ्लॉपी वाचता येत नाही म्हणे.

"सर, कॉम्प्युटर ठीक हाय," नागपूरहून आलेला मेकॅनिक जागेश्वर म्हणाला. "जुना हाय, पन चालू होऊन राहिला ना. हा फ्लॉपीतला वर्ड प्रोसेसरच तेवढा सुरू होऊन नाही राहिला."

पुंडलिकरावांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता उद्घाटन होतं. पवनीच्या अख्ख्या बाजाराला त्यांनी आमंत्रण दिलं होतं. त्यांच्या टायपिंग क्लासात गावातला पहिला कॉम्प्युटर आला होता, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव त्यावर लिहून, छापून त्याच्या हातात द्यायचं होतं. लिहायचा प्रोग्रामच उघडला नाही तर लोकांना काय, दिवा लागलेला डबा दाखवायचा?

एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. पण पुंडलिकरावांनी उद्घाटनाला दिवस निवडला होता तो सर्वपित्री अमावास्येचा. मुद्दाम. त्यांनी कधी मुहूर्त पाहिला नाही, शकुन मानला नाही, घर बांधताना नारळ फोडला नाही, आणि हे सगळं कुणी न विचारताही सगळ्यांना ऐकवलं. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. "विज्ञानाले अमावास्या नसते," असं ते चौकाचौकात सांगून आले होते. आज मशीन अडलं तर गाव त्यांना जन्मभर त्या अमावास्येवरून चिडवणार होतं.

निर्मलाबाईंनी नवऱ्याला एकदाच विचारून पाहिलं होतं. "पितरपाखात काहून? आन् निदान हळदीकुंकू तरी लावू द्या त्याले."

"कॉम्प्युटर हाय तो. पोळ्यातला बैल नाही," पुंडलिकराव म्हणाले होते. विषय तिथेच संपला. निर्मलाबाई अर्धं ताट तसंच उचलून आत गेल्या.

शेजारचे कापड दुकानदार भय्याजी सकाळपासून डोकावून जात होते. आता तर खुर्ची ओढून बसलेच. "सर, मी म्हनतो, दसऱ्याले केलं असतं तर काय बिघडलं असतं?" चेहऱ्यावर काळजी, पण मनातून त्यांना उकळ्या फुटत होत्या.

जागेश्वरने फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. फ्लॉपीच्या काळ्या चौकोनी पाकिटाला एक लांबट खिडकी असते. तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते, आणि मशीन वाचतं ते तिथूनच. उलट बाजूच्या खिडकीत लालभडक डाग होता. चांगला रुपयाएवढा, वरून ओघळलेला. फ्लॉपी कागदी कव्हरात सरकवली की तो भाग नेमका झाकला जायचा.

"हे तं कुंकू हाय!" जागेश्वर ओरडला. "कोनं लावलं?"

भय्याजी उठून उभेच राहिले. पुंडलिकराव खिडकीबाहेर बघू लागले. निर्मलाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि कप टेबलावर ठेवले.

"मी लावलं," त्या म्हणाल्या. "राहवलं नाही."

भय्याजींना हसू आवरेना. "घ्या सर! आमी म्हनलं अमावास्या नडली. तुमाले तं घरचीच लक्ष्मी नडली."

"काकू, देवाले लावा, टीव्हीले लावा," जागेश्वर समजुतीने म्हणाला. "पन ह्याले नका लावू." मग त्याने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने मशीनचा आतला भाग पुसला. पिशवीतून त्याच प्रोग्रामची दुसरी फ्लॉपी काढून घातली. थोडी कुरकुर झाली, आणि पडद्यावर लिहायचं कोरं पान उघडलं.

भय्याजी जरा हिरमुसले. पण सांगायला गोष्ट तर मिळाली होती. निर्मलाबाईंचं कुंकू संध्याकाळच्या आत वैनगंगेच्या घाटापर्यंत पोचणार याची खात्री बाळगून ते दुकानात परतले. जागेश्वर हात धुवायला मागच्या अंगणात गेला.

निर्मलाबाई कप गोळा करू लागल्या.

"खोटं काहून बोलली?" पुंडलिकरावांनी हळूच विचारलं.

"मंग काय, भय्याजीपुढं तुमचं नाव घेऊ? मले हसले तं हसू द्या. तुमाले गावात मान वर करून फिराचं हाय." त्या पदराआड हसल्या. "आन् कुंकू असं पान्यात कालवून, आंगठ्यानं थापते का कोनी बाई? पाहल्याबरोबर समजलं मले."

पुंडलिकराव कानापर्यंत लाल झाले. निर्मलाबाईंना त्यांची फार माया आली. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांना एवढा आपला कधी वाटला नव्हता.

"शेवटी देवाले भेलेच ना?" त्या म्हणाल्या. "भ्याच. त्यात लाजाचं काय हाय?"

"देवाले नाही भेलो मी," पुंडलिकराव म्हणाले. "पाखाचा दिवस ठरवला तवापासून तुया घशाखाली घास उतरून नाही राहिला. मशीन चालू झाली का ते कुंकू तुले एकटीले दाखवनार होतो. मंग तरी पोटभर जेवशील म्हून."