थांबायची खूण

मेंढरं वळायच्या शर्यतीत पाच यंत्रकुत्री सुटली, तेव्हा म्हाकूबाची छाती फुगली. त्यांच्या डोक्यात त्याचाच आवाज होता. ती बनवणाऱ्या कंपनीची माणसं तीन महिने त्याच्या कळपामागं हिंडून एकेक हाळी भरून घेऊन गेली होती.

बघता बघता दोनशे मेंढरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणात गेली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"जिंकलासा की आबा! आता थांबवा त्यास्नी," शेजारी उभी असलेली सून म्हणाली.

म्हाकूबानं नेहमीसारखी काठी जमिनीवर आडवी ठेवली. घरची म्हातारी कुत्री एवढ्यावर जागीच बसायची. या पाचांनी काठीकडं पाहिलंदेखील नाही. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की थांबण्यासाठी त्यानं जन्मात कधी हाळी दिलीच नव्हती.

कुत्री आता गर्दीच्या कडेनं फिरू लागली. बाहेर राहील त्याला आत घाल, ही त्याचीच शिकवण. माणसं हसत हसत, एकमेकांना चिकटून मागं सरत गेली.

"थांबा रं!" म्हाकूबा ओरडला. हा शब्द त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

त्याच्या पाठीला लोकर लागली. वाघरीतल्या मेंढरांनी गुमान सरकून माणसांना जागा करून दिली.