डिट्टो

“डिट्टो लिहायचं नाही म्हणजे? एकच गोष्ट काय दहा वेळा उगाळत बसायची?” थोरल्या सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“हो, दहा वेळा,” शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या. “प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे.”

“आमचे पाय आधीच सुजलेत, बाई.”

खोलीत हशा पिकला. प्रसूती विभागातल्या पाच नर्स आणि नोंदणीचा कारकून, असे सहा जण बसले होते. नोंदवह्या कशा ठेवायच्या ते शिकवायला रुग्णालयाने या बाईंना दोन दिवस बोलावलं होतं. बाई सिस्टरांच्या लेकीच्या वयाच्या, किडकिडीत. सकाळी आल्या आल्या हजेरीच्या कागदावर त्यांनी सगळ्यांच्या आधी स्वतःची सही केली होती.

“समोर उभ्या दिसताय की,” सिस्टर तेव्हाही म्हणाल्या होत्या. “लिहायला कशाला हवं?”

“खोड आहे माझी.”

बाई फळ्यावर डाव्या हाताने लिहीत. करंगळीच्या बाजूला टाक्यांचा जुना पांढरा वण होता. टाके घालणारा हात चांगला होता, एवढं सिस्टरांनी मनात नोंदवलं.

त्यांच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते. हजारो बाळं त्यांच्या हातांवर जन्मली होती. आपल्याकडून एकाही बाळाचं वाकडं झालं नाही, असं त्या नव्या मुलींना सांगत. सांगताना त्यांचा आवाज थोडा चढे.

“आता चूक झाली तर काय करायचं?” बाईंनी विचारलं.

“पांढरा रंग लावायचा,” एक तरुण नर्स म्हणाली.

“अजिबात नाही. एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख आणि कारण. कारण स्वतः पाहिलेलं हवं, ऐकीव नको. आणि दुरुस्ती कुणी करायची?”

“ज्याची नोंद त्याने,” कारकुनाला हे पाठ होतं. “तेही तो नोकरीत असेपर्यंतच. नंतर आम्ही हात लावत नाही. लोक हेलपाटे घालतात, पण आम्ही तरी काय करणार?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक जुनी वही उघडून टेबलावर ठेवली. काही रकान्यांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. “सातवी आणि आठवी ओळ वाचा.”

तरुण नर्सने वाचलं. सातवं बाळ, दोन वाजून दहा मिनिटं, प्रसूती नैसर्गिक, स्थिती मृत. आठवं बाळ, दोन चाळीस, वजन दोन किलो शंभर. पुढे प्रसूतीखाली डिट्टोच्या दोन रेघा. स्थितीखाली दोन रेघा.

“आठव्याचं काय झालं?”

“तेही गेलं,” कारकून म्हणाला. “जन्मदाखला निघणार नाही. आम्ही वहीत दिसेल तेच देतो.”

“नाहीच निघाला,” बाई म्हणाल्या.

“बिचारं,” तरुण नर्स पुटपुटली.

“पण बाई, जिवंत असलं आणि लिहिणारीला घरी पळायची घाई असली तर?” कारकून हसला. “म्हणजे वहीतच मारलं की त्याला!”

“घाई नव्हती.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सिस्टर पानाकडे बघत होत्या. “दोघीच होतो आम्ही. अकरा बायका होत्या,” त्या म्हणाल्या.

बाईंनी चहाची सुट्टी दिली. सगळे बाहेर गेले. सिस्टर उठल्या नाहीत.

“अक्षर माझं आहे.”

“ओळखलं होतं मी.”

“वर कळवणार?”

“नाही.”

सिस्टरांनी आठव्या ओळीवर बोट ठेवलं. “नुकती लागले होते नोकरीला. सातव्याची आई हंबरडा फोडत होती, तो आवाज अजून कानात आहे. पण हे आठवं रडलं की नाही, तेच आठवत नाही हो. माझ्या हातांत होतं ते! डॉक्टर तेच, प्रसूती तशीच, लिहिता लिहिता हात पुढे गेला असेल. की खरंच गेलं असेल ते? माझ्याच वहीवरून मला कळू नये?”

बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“आता दुरुस्त करता येईल?” सिस्टरांनी विचारलं.

“अजून सात आठवडे.”

“आणि कारण? पाहिलेलं हवं म्हणालात. ते मी आता कुठून पाहू?”

बाईंनी एक पट्टी काढली. खाली खुणेचा रकाना होता. आठव्या ओळीत डिट्टो नव्हता. तरुण, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: डाव्या हाताला सहावं बोट, करंगळीशेजारी.

मग बाईंनी आपला डावा हात पानावर उलटा ठेवला.

सिस्टर बराच वेळ त्या पांढऱ्या वणाकडे बघत राहिल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, पुन्हा घातला. पेन उचललं. त्या दोन छोट्या रेघांवरून एकच आडवी रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ‘जिवंत’ लिहिलं. सही केली, तारीख घातली. कारणापाशी हात क्षणभर थांबला, आणि मग त्यांनी स्पष्ट, सुटं अक्षर काढत लिहिलं:

‘बाळ समक्ष हजर.’