सहा नंबरचं आउटपुट

सावळघाट चढायला लागल्यापासून कुंदनच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. चंदर ड्रायव्हरला ते सहन होईना.

"गाडी लागते का?"

"नाही रे."

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

कुंदन खिडकीबाहेर बघत राहिला. पेठच्या पलीकडच्या धरणावरून जुना गेटवे काढून आणायचा होता. दुसऱ्या कोणाला पाठवा, असं त्यानं साहेबाला सांगून पाहिलं. साहेब म्हणाला, तू बसवलास, तूच काढ.

गेटवे म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. धरणावरची मोटर, टाकीतलं पाणी, झडपा, सगळ्यांच्या तारा तिच्यात यायच्या आणि टेलिफोनच्या लाइनवरून निरोप सातपूरच्या कंट्रोल रूममध्ये जायचा. इकडं बटण दाबलं की तिकडं मोटर सुरू. वीज गेली तरी पेटी बॅटरीवर जागी राहायची. लाइन मात्र कावळा बसला तरी तुटायची. लाइन तुटली की मोटर बंद, आणि मग गावं बोंब मारायची. शेवटी कुंदननं सगळ्या आउटपुटांना, म्हणजे पेटीतून हुकूम बाहेर नेणाऱ्या जोडण्यांना, एकच सेटिंग दिलं. लाइन गेली तर पुढचा हुकूम येईपर्यंत आहे तसंच राहायचं, चालू ते चालू, बंद ते बंद. बोंब थांबली. साहेबानं पाठ थोपटली.

ही दोन हजार दोनची गोष्ट. त्या कामात कुंदन पंपावरच्या सोमाकडं उतरला होता. सोमाची बायको तानुबाई नागलीची भाकरी वाढायची आणि बारावी झालेली मुलगी सरिता तारा धरायला मदत करायची. कोणती तार कुठं जाते हे तिला एकदाच सांगावं लागे. प्रेमबीम असला मोठा शब्द दोघांपैकी कोणीच काढला नाही. न काढताच जे व्हायचं ते झालं.

निघायच्या दिवशी कुंदननं रिकाम्या असलेल्या सहा नंबरच्या आउटपुटवर एक छोटा हिरवा दिवा जोडला.

"याचं बटण सातपूरला माझ्या टेबलाजवळ आहे. घरच्यांना वळवतोय तोवर हा चालू राहील. बंद झाला तर समज, जमलं नाही. मग माझी वाट बघू नकोस."

"चिठ्ठी नाय टाकणार?"

"टाकू?"

"नको," ती हसली. "पोस्टमन आधी सोता वाचतो, मग गावाला वाचून दावतो."

कुंदनची आई गोजराबाई मखमलाबादला फुलांचा मळा सांभाळायची. तिनं एकाच वाक्यात निकाल दिला. "डोंगरातली सून आणलीस तर माझ्या मढ्यालाही हात लावू नकोस." तरी कुंदन एक पावसाळा आणि एक हिवाळा तग धरून होता. रोज कामावर आला की पहिल्यांदा ते बटण चालू आहे ना, हे बघायचा. मग आईनं अंथरूण धरलं, तो रजा घेऊन घरी बसला आणि त्याचा धीर सुटला.

आईनं पसंत केलेल्या सुवर्णाशी लग्न अक्षय तृतीयेचं ठरलं. हळदीच्या सकाळी तो कंट्रोल रूममध्ये गेला. एरवी प्रत्येक दिवा दोनदा तपासणारा हा माणूस त्या दिवशी पॅनलकडं पाठ करून उभा राहिला, मागं हात नेऊन बटण बंद केलं आणि चोरासारखा बाहेर पडला. पुढं लवकरच कंपनीचं कंत्राट संपलं, पाण्याची योजना गावाच्या ताब्यात गेली आणि पॅनलवर कापड पडलं.

तिकडून काही आलं नाही. बोल नाही, शिवी नाही, निरोप नाही. दोन शिव्या आल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

सुवर्णा चांगली बायको होती. मुलगी झाली, घरात बोबडे बोल आले. सुवर्णात काहीच कमी नव्हतं, आणि तेच तर दुखणं होतं. संध्याकाळी आजूबाजूच्या घरांत दिवे लागले की याचा जीव डोंगरात जायचा, तो जेवणाची ताटं मांडेपर्यंत परत यायचा नाही. एवढ्या वर्षांत त्याला एकच हवं होतं. सरिता कुणाच्या तरी घरात सुखानं नांदतेय, एवढं कळावं. मग आपल्यालाही आपल्या घरात नीट नांदता येईल, असं त्याला वाटायचं.

जीप धरणाशी थांबली. सोमा पंपघराच्या ओट्यावर बसला होता. केस पांढरे झाले होते. तो उठून हसला, तेव्हा कुंदनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"या सायेब. लय उशीर केलात."

"लाइन चालू आहे का?" दुसरं काही सुचेना म्हणून कुंदननं विचारलं.

"लाइन कशाची! तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच शिमग्याला पुलाच्या कामात तुटली, ती तुटलीच. तवापासून मोटर हातानंच चालवतो. तुमचं कोणी फिरकलंच नाय."

कुंदनचं त्यात लक्ष नव्हतं. शेवटी त्यानं विचारलंच.

"सरिता कुठं दिली?"

सोमानं त्याच्याकडं जरा नवलानं बघितलं. "आत हाय की."

माहेरपणाला आली असणार. कुंदनच्या छातीवरचा दगड उतरला. बरं झालं, एकदा डोळ्यांनी बघू, दोन शब्द बोलू. पोरंबाळं असतील तर खाऊला पैसे देऊ. चंदरला बाहेर थांबायला सांगून तो वाकून आत शिरला.

सरिता बॅटरीत पाणी घालत होती. तिचा गळा मोकळा होता. तिनं वर बघितलं, दचकली नाही. बाटलीचं बूच लावलं, ओढणीला हात पुसले.

"आलात? आई वळली मग?"

तिच्या मागं भिंतीवर हिरवा दिवा लागलेला होता. कुंदन त्याच्याकडं बघतच राहिला.

"सगळे म्हणायचे, इसरला तो," सरिता म्हणाली. "मी म्हणायची, इसरला असता तर दिवा बंद केला नसता का?"