पत्रकार दिनाची शाल

मोताळ्याच्या सभागृहात पत्रकार दिनाच्या सत्काराआधी पुढारी भाऊसाहेब गरजत होते, "प्रश्न विचारणाऱ्याचा गळा दाबणं महापाप आहे!" समोर बसलेल्या धम्मरत्नला हा पुळका खरा वाटेना. भाऊसाहेबांनी बांधलेल्या पुलाला तडे गेल्याची बातमी त्यानं कालच आपल्या चॅनलवर चालवली होती, आणि आज पहिला सत्कार त्याचाच? शेजारी बसलेल्या भरवशाच्या पत्रकार मित्राला, उद्धवला, सगळं मोबाइलवर घ्यायला सांगून तो मंचावर चढला. भाऊसाहेबांनी हसत शाल घातली, गळ्याशी आवळली आणि कानाशी लागले, "पुलाची बातमी डिलीट मार, नाई तं गाठ माह्याशी हाय." समोरचा भाषणाचा माइक चालूच होता. धमकी सभागृहभर घुमली. मग कुणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनीच. धम्मरत्न धावत उद्धवकडे आला. "झालं ना शूटिंग?" "भाषणाचं झालं," उद्धव पुटपुटला. "मंग टाळ्या वाजवत होतो. पुढची शाल माही हाय बे."