अर्ध्या तासाचा गजर

झोपला की हा परत.

महादेवप्पा ढाब्यावरनं हात पुसत आला, केबिनचं दार उघडलं, तर बाजूच्या सीटवर अंबादास. मान मागं, तोंड उघडं, पाय डॅशबोर्डवर. दुपारचे दोन. बाहेर त्रेचाळीस डिग्री, गाडीच्या थंड डब्यात सहा, आणि त्या सहा डिग्रीत नऊ टन डाळिंब, सांगोल्याहून हैदराबादला निघालेलं. डबा गार ठेवणारं मशीन आपल्या वेगळ्या इंजिनावर घुंऽऽ करत होतं. गाडी बंद असली तरी ते चालूच. आणि त्या घुंऽऽच्या तालावर हा पठ्ठ्या घोरत होता.

दोन महिने झाले होते त्याला महादेवप्पाच्या हाताखाली ही थंड गाडी शिकायला येऊन. तसं बघितलं तर पोरगं एक नंबर. मागं घेत घेत गाडी एका दमात गोडाऊनच्या दाराला लावायचं. पेट्यांच्या मधनं हवा खेळली पाहिजे म्हणून हमालांशी भांडायचं. स्टिअरिंग हातात असलं की डोळे टक्क, पेंग नाही की जांभई नाही. पण गाडी उभी राहिली, हा बाजूला बसला, मागं मशीन घुमायला लागलं, की संपलं. पाच मिनिटांत गार.

आणि नेमकं तेव्हाच तर जागं राहायचं असतं! उभ्या गाडीत दर अर्ध्या तासाला डब्यातल्या थंडीचा मीटर बघायचा, हा महादेवप्पाचा पहिला धडा. गेल्या उन्हाळ्यात ह्याच रस्त्यावर, बोरामणीच्या जरा पुढं, त्याचाच डोळा लागला होता. मशीन कधी बंद पडलं कळलंच नाही. उठला तवर द्राक्षांचा पार काला. त्या दिवसापासनं त्याच्या मोबाइलमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे गजर. वर्ष झालं, त्यानं सलग तासभर झोप बघितली नव्हती. घरी पण गजर वाजायचे, आणि त्याची बायको सुंदरम्मा उठून मोबाइल ज्वारीच्या पिठात खुपसायची.

म्हणून तर जोडीला माणूस पाहिजे होता. मिळाला तो असला. चहा पाजून झाला. तोंडावर पाणी मारून झालं. एकदा तर हिरवी मिरची चावायला लावली. अंबादासनं चावली, हा-हू केलं, आणि डोळ्यांत पाणी घेऊन तसाच झोपला.

आज शिकण्याची शेवटची फेरी. ऑफिसचा कागद महादेवप्पाच्या खिशात. गाडी, रस्ता, चढवणं-उतरवणं, सगळे रकाने भरून झालेले, एकच राहिलेला: याच्या एकट्याच्या भरवशावर माल सोडता येईल का? 'होय' लिहिलं की नोकरी पक्की. 'नाही' लिहिलं की पोरगं परत सोलापूरच्या पूर्वभागात, घरच्या टॉवेल विणायच्या मागावर. आणि घरचे माग सहाचे दोनावर आलेले. सकाळीच त्यानं हात जोडले होते, अण्णा, बाकी काय पण लिहा, तेवढं 'नाही' लिहू नका.

महादेवप्पाला वाईट वाटत होतं. पण माल म्हणजे माल. त्यानं पेन काढलं. मग थांबला. ऑफिसातल्या वैजयंती मॅडमना पोरगं लई आवडायचं, त्या पुरावा मागणार. मग त्याचं डोकं चाललं. मशीन दहा मिनिटं बंद ठेवायचं. डब्याचं दार उघडलं नाही तर दहा मिनिटांत डाळिंबाला काही होत नाही. हा किती वेळ घोरत पडतो ते मोजायचं, फोटो काढायचा, पाठवून द्यायचा. विषय संपला.

त्यानं मोबाइलवर घड्याळ चालू केलं. हळूच हात लांब केला. बटण दाबलं.

घुंऽऽ थांबलं.

"अम्मा, पोगु तेगिंदी!"

अंबादास ताडकन उठून बसलेला. डोळे अजून मिटलेलेच, पण हात बटणावर. मशीन चालू केलं, मीटर बघितला, दार उघडून खाली उडी मारली, डिझेलची टाकी बघितली, पंखा बघितला, वर येऊन बसला. महादेवप्पाचं बोट अजून हवेतच होतं.

सोलापुरात जन्म काढल्यावर एवढं तेलुगू कुणाला पण कळतं. धागा तुटला, म्हणत होता.

"एनप्पा, कुठला धागा?"

अंबादास लाजला. "घरची सवय ओ अण्णा. आमचा पाळणाच मागाजवळ असायचा. माग खटाखट चालू हाय तवर सगळं बरोबर हाय, झोपायचं. थांबला म्हणजे धागा तुटला, उठून जोडायचा. घरात सगळेच तसे उठतात." मग त्याला अण्णाच्या खिशातला कागद आठवला असावा, कारण तोंड एवढंसं झालं. आता शेवटपर्यंत डोळा मिटणार नाही, अम्माची शप्पथ, असं काहीतरी पुटपुटत तो पाण्याची बाटली शोधायला लागला.

महादेवप्पानं कागद मांडीवर घेतला, शेवटच्या रकान्यात 'होय' लिहिलं, घडी घातली. मग मोबाइलमधले गजर एकेक करून पुसले, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. सीटमागच्या फळीवर चढला, उशी सारखी केली आणि पाय लांब सोडले. खाली अंबादास तोंडावर पाणी मारायला बाटलीचं झाकण फिरवत होता.

"ती बाटली ठेव खाली," महादेवप्पा पडल्या पडल्या म्हणाला. "झोप. ड्युटीवर हायस तू."