काल्याच्या दिवशी रुसलेलं कार्ड

या, अजून थोडे पुढे सरका. टाळ मांडीवर ठेवा आणि कान इकडे द्या. एका रुसलेल्या कार्डाची गोष्ट सांगतो. रुसलं तेही कधी, तर ऐन काल्याच्या कीर्तनात!

सुरतेतल्या डिंडोलीच्या मंडपात बुवा उभे राहिले होते. मृदंगावर थाप पडली होती. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी हिलालअण्णांना घाम फुटला होता. त्यांचा जुना लॅपटॉप गेला, आणि नव्याला रेकॉर्डिंगच्या साउंड कार्डाची खाचच नव्हती. म्हणून सून गायत्रीने एक डबी आणली. जुनं कार्ड डबीत, डबीची वायर नव्या लॅपटॉपच्या बारीक पोर्टात. काल घरी झकास चाललं. आज डबीचा दिवा लागत होता, पण लॅपटॉप कार्डाला ओळखच देत नव्हता.

"नथी चालतुं, बाबा," गायत्री म्हणाली. सुरतेत वाढलेली पोर, घाईत गुजरातीच सुचायची. "राहू द्या ना आज. मिक्सरवाल्या भाऊंना सांगते, ते करतील रेकॉर्डिंग."

"त्यात टाळ पत्र्यासारखा वाजतो!" अण्णा कळवळले.

अमळनेरला त्यांचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले. दर सप्ताहाचं काल्याचं कीर्तन अण्णा त्यांना पाठवायचे, ते वर्षभर तेच ऐकायचे. त्यापायी अण्णांनी स्वतः कीर्तनात उभं राहणंच सोडलं होतं. कानाला हेडफोन, डोळे पडद्यावर. बुवा रंगात आले की अण्णा आवाज कमी करायचे.

बायकांतून उठून अण्णांची घरवाली सुंदरा आली. "काय व्हयनं?"

"देव रुसना."

"देव नही, डबी रुसनी. ह्या टाळ ल्या नि चला!"

अण्णा तोंड पाडून टाळकऱ्यांत गेले, तेही थेट माईकपाशी. पहिल्या अभंगाला नुसते ओठ हलले. दुसऱ्याला आवाज फुटला. गोपाळांच्या खोड्या रंगल्या तसे अण्णा नाचायलाच लागले. फुगडीची वेळ आली, आणि साठी ओलांडलेल्या सुंदराने भर मंडपात त्यांचे हात धरले. टोपी उडाली. ती कुणाच्या पायाखाली गेली, कुणास ठाऊक.

दुपारी मिक्सरवरचं रेकॉर्डिंग भावाला गेलं. संध्याकाळी फोन वाजला. अण्णांनी आधीच कान पकडले. "दादा, यंदा माफी कर, ते कार्ड..."

"कार्ड घाल खड्डामा!" पलीकडून घोगरा आवाज ओरडला. "यंदा तुना आवाज वना रे, हिलाल! इतला वरीस निस्ते बुवाच!"

आपला आवाज दादापर्यंत पोचला, हे तिलाही ऐकू जावं म्हणून अण्णांनी फोन सुंदरापुढे धरला.

सुंदराने हळूच पदराची गाठ सोडली. आतून डबीची खरी वायर निघाली. सकाळी डबीला लावलेली होती ती तिच्या फोनच्या चार्जरची. दिसायला जुळी बहीण, पण नुसती वीज नेणारी, आवाज नाही. गायत्रीला एकाएकी स्वयंपाकघरात काम आठवलं.

"काल्याले किसनदेव लोणी चोरस," सुंदरा म्हणाली, "मी वायर चोरी."

तर मंडळी, काल्याची लाही तळहातावर पडेल तेव्हा आधी देवाला आठवा, आणि लगेच त्या चोरटीला.