सुटा बिल्ला

“यात तुमच्या कामाचं काही नाही, बाई,” म्हणत भिंगवाल्यांनी ट्रे स्वतःकडे ओढला. म्हणजे त्यात नक्कीच काहीतरी होतं.

डूलवाली शेजारचा ट्रे चाळू लागली. लिलावाआधी माल हाताळून बघायला जेमतेम तासभर मिळायचा. तेवढ्यात भिंगवाल्यांशी हुज्जत कोण घालणार? नाण्यांचा शौक दांडगा, खिसा मात्र बेताचा, असा तो गृहस्थ. सोन्याचांदीकडे ते ढुंकूनही बघत नसत. बसची टोकनं, कँटीनची टोकनं, बंद पडलेल्या कारखान्यांचे बिल्ले, असला माल स्वस्तात उचलायचा आणि घरी नेऊन वर्षभर कुरवाळत बसायचं, हा त्यांचा उद्योग. त्यांनी नाकारलेलं डूलवाली मुठीमुठीने घ्यायची. घासूनपुसून त्याचे कानातले करायची आणि बाजारात पथारी मांडून विकायची. आयतं भोक असलेला बिल्ला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

“खाणीचा माल आहे,” भिंगवाले न राहवून म्हणालेच. “खाणीच्या तोंडाशी बिल्ले सांभाळणारा कारकून वारला. पोरांनी घर रिकामं केलं आणि सगळं इथे आणून ओतलं. बघा तरी, एकाच नंबरचे गोल आणि चौकोनी. अख्ख्या जोड्या! कोणाला पत्ता नाही अजून. स्वस्तात सुटेल.”

‘खाण’ म्हणताच तिचे हात थांबले.

त्या जोड्यांचं तिला काही समजावून सांगायला नको होतं. खाली उतरणारा माणूस गोल बिल्ला खिडकीवर द्यायचा आणि चौकोनी गळ्यात घालून जायचा. गोल बिल्ला फळ्यावर एकटा लटकतोय तोवर माणूस खाली. तो वर येऊन चौकोनी परत करायचा, मग कारकून दोन्ही बिल्ले एका तारेत ओवून पीळ द्यायचा. लहानपणी पाळी सुटायच्या वेळेला ती त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. तिथे नाव कोणी विचारत नसे. “पाचशे बारा!” ती टाचा उंचावून ओरडायची. कारकून फळ्याकडे नजर टाकायचा आणि म्हणायचा, “खाली आहे. थांब.”

मग एकदा बोगदा ढासळला. सापडले ते मुडदे बाहेर काढले, फळ्यावरच्या बिल्ल्यांशी आकडा जुळला आणि खोदकाम थांबलं. पुढे खोदणं कंपनीला परवडणारं नव्हतं. आई खिडकीच्या गजांना धरून ओरडत होती की अजून एक माणूस आत आहे. कारकुनाने मान वर केली नाही. “पाचशे बारा वर आला. मी स्वतःच्या हाताने जोडी तारेत ओवली. पुढे कुठे गेला ते तुम्ही शोधा.”

लोकांनी शोधायचे कष्टही घेतले नाहीत. बाईच्या नादाने पळाला, एवढं त्यांना पुरलं. बाकीच्या घरांना भरपाई मिळाली. यांना टोमणे मिळाले आणि खोली खाली करावी लागली. आईने लोकांची भांडी घासून तिला वाढवलं, आणि घासता घासता त्याला शिव्या घातल्या. घरात त्या माणसाला नातंच उरलं नाही. तो म्हणजे नुसता ‘तो’. जाताना आईचं शेवटचं बोलणंही त्याच्याबद्दलच होतं. “तो आला तर दार उघडू नकोस.”

तिने तो शब्द पाळला होता. अजूनही अवेळी कडी वाजली की ती आधी फटीतून बघायची. म्हातारा झालेला तो कसा दिसत असेल याचा अंदाज बांधायची. त्याच्या तोंडावर फेकायची चार वाक्यंही तिने घोटून ठेवली होती.

“शिस्तीचा माणूस हो!” भिंगवाले ट्रे उपसत होते. “प्रत्येक जोडी तारेसकट. एक इकडची तिकडे नाही.” ट्रेच्या तळाशी एक फडक्याची पुरचुंडी निघाली. गाठ घट्ट होती, त्यांनी ती दातांनी सोडवली. आत एकच गोल बिल्ला होता. “हात्तिच्या! हा एकटाच. एवढा गुंडाळून कशाला ठेवला कोण जाणे. धरा, तुमच्या डुलांना होईल. सुट्याला कुत्रंही विचारत नाही.”

तिने तो तळहातावर घेतला. पितळ काळं पडलं होतं. सवयीने तिने पदराने घासलं आणि आकडे वर आले. ५१२.

तिने पुरचुंडी झटकून बघितली. ट्रेच्या कोपऱ्यांत बोटं घातली. चौकोनी नव्हता. तार नव्हती. कारकुनाने कधीच काही ओवलं नव्हतं. गोल बिल्ला फळ्यावरून काढून खिशात घातला होता, बस्स. तेवढ्याने आकडा जुळला होता.

तिला आधी आई आठवली, भांडी घासणारी. मग ती चार वाक्यं आठवली आणि स्वतःचीच शिसारी आली.

मागे खुर्च्या सरकू लागल्या. लिलाव पुकारणारा येऊन उभा राहिला. भिंगवाल्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं आणि तिच्या मुठीकडे बोट दाखवलं.

“याचा चौकोनी हाती लागला तर मला सांगा हं. जोडी झाली तर तुम्ही म्हणाल ती किंमत देईन. कुठे गेला असेल हो तो?”

“खाली आहे,” ती म्हणाली. “माझ्या बाबांच्या गळ्यात.”